रविवारचं शून्य

अमेरिकेला शिकायला निघण्याआधी, १९७९ साली, चंद्रभाननं आर्वीत बसून तिथल्या महिन्याच्या खर्चाचा कागद केला. रविवारच्या जेवणापुढं त्यानं रुबाबात शून्य मांडलं.

"काऊन रे?" आईनं विचारलं.

"परगावच्या पोराले रविवारी कोणी उपाशी ठेवते का? बोलावतेच जेवाले!"

स्वतःच्या या अकलेवर तो इतका खूश झाला, की त्याच विद्यापीठात निघालेल्या आष्टीच्या हिरालाललाही त्यानं तो कागद उतरवून दिला.

तिथं पहिल्या रविवारी दुपार टळली तरी कोणी बोलावलं नाही. पोटात कावळे ओरडू लागले, तसे आपले अर्थतज्ज्ञ निमूट हिरालालच्या खोलीकडे निघाले.

अर्ध्या रस्त्यात हिरालालच समोरून आला, केस चापूनचोपून बसवलेले.

"तुह्याचकडे येऊन राह्यलो," तो म्हणाला. "सयपाक झाला ना?"