न दिसल्याची खूण

लेकीनं अगदी बजावून सांगितलं होतं, "आई, तू यायचं नाहीस हं!" आणि आई म्हणाली होती, "छे गं, मला दुकानात मरायला फुरसत नाही." म्हणजे ती येणार हे तेव्हाच ठरलं होतं.

आईचं पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचं दुकान होतं. सगळा बाजार तिला ताई म्हणायचा, तर आपणही ताईच म्हणू. त्या सकाळी ताईनं दुकानाला कुलूप लावलं आणि बस चालवणाऱ्या धाकट्या भावाला सुट्टी टाकायला लावून बरोबर घेतलं. डोक्यावर भलीमोठी टोपी घालून ती टेनिसच्या मैदानावर येऊन बसली. हिरव्यागार गवताचं कोर्ट, त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. मैदानाच्या पार कडेचं कोर्ट होतं ते, बसायला लाकडी बाकं आणि पुढं कमरेएवढं कुंपण.

"ताई, टोपी घालून तू जास्तच उठून दिसतेस," भाऊ म्हणाला.

"गप बस. आपली कुठंय?"

आपली त्या कोपऱ्यात होती. खेळायला नव्हे हो, रेघ बघायला. चेंडू रेघेच्या आत पडला की बाहेर, हे ओरडून सांगणारे पंच असतात ना, त्यातली एक. सुरुवातीच्या फेऱ्यांना सगळ्या कोर्टांवर एकदम सामने लागतात, माणसं पुरत नाहीत, म्हणून नव्यांना घेतात. मग फेऱ्या सरतात तशी कोर्टं कमी होतात, आणि नव्यांतल्या बऱ्याच जणांना गोड बोलून घरी पाठवतात. लेकीला राहायचं होतं. दोन्ही पाय फाकवून, हात गुडघ्यांवर टेकून, त्या रेघेवर डोळे रोवून ती उभी होती. इकडं ताईचा जीव टांगणीला लागला होता.

कारण डोळे. अख्ख्या दुनियेत या पोरीनं नेमकं डोळ्यांचं काम शोधावं!

लहानपणी तिचा डावा डोळा अधू होता. डॉक्टर म्हणाले, डोळा आळशी आहे, कामाला लावा. ताई म्हणाली, "आमच्या घरात आळशी कुणी नव्हतं, ती उणीव भरून निघाली." मग चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची आणि आळशाला राबवायचं, असं किती वर्षं चाललं. ताई दुकानातल्या चिंध्यांच्या पट्ट्या शिवायची. फुलाफुलांची, चौकड्यांची, एक तर सोनेरी झालरीची. पोरगी ऐटीत मिरवायची. आणि "दिसलं का गं?" म्हटलं की हटकून म्हणायची, "दिसलं!"

डॉक्टरकडच्या तक्त्यावरची अक्षरंही ती घडाघडा सांगायची. डॉक्टर खूश, ताई खूश. एक दिवस न्हाणीघरातून आवाज आला. पोरगी अंगावर पाणी घेत तीच अक्षरं ओळीनं म्हणत होती, गाणं म्हणावं तशी. बया गं! सगळा तक्ता पाठ केला होता तिनं, आईला बरं वाटावं म्हणून.

ताईनं हात उगारला नाही. ओल्या पोरीला तशीच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बाळा, नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणायचं. त्यात लाज कसली? मी आहे ना." मग दोघीही रडल्या आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

पुढं डोळा सुधारला. चांगला खणखणीत सुधारला. या कामाआधी डोळ्यांची तपासणी झाली, त्यातही लेक पास झाली. पण आईचं मन ते! तेव्हा डोळ्यात घालायच्या थेंबांची जुनी बाटली पर्समधून काही निघाली नाही. त्या थेंबांचा आता काडीचा उपयोग नाही हे तिलाही ठाऊक होतं. तरी राहू दे, असू दे जवळ, म्हणून ती ठेवायची.

सामना सुरू झाला. एक दाढीवाला आणि एक ताडमाड उंच. ताईनं दोघांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. लोकांच्या माना इकडून तिकडं हलत होत्या आणि हिची मान कोपऱ्याकडं वळलेली ती वळलेलीच. तेवढ्यात लेकीनं हात फेकून आरोळी दिली, "आऊट!"

ताईनं कडाकडा टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. दाढीवाल्याचा चेंडू बाहेर गेला होता, तो वळून बघायला लागला.

"अगं, बाहेर गेल्यावर टाळ्या वाजवत नाहीत," भावानं तिचे हात धरले.

"का? बरोबर सांगितलं की तिनं!"

भावानं तिची टोपी कपाळावर ओढली.

मग ते झालं. उंच खेळाडू चेंडूमागं धावत कडेला आला, नेमका लेकीच्या आणि रेघेच्या मधे. चेंडू पडला. गवतावर काही डाग राहत नाही, पडला तिथं पडला, संपलं. उंच खुर्चीवरचे पंच लेकीकडं बघायला लागले. आणि लेकीनं दोन्ही हात उचलून डोळ्यांवर धरले.

ताई ताडकन उठली. गेला! डोळा गेला पोरीचा!

भाऊ "ताई, ताई" म्हणेपर्यंत ती बाकांमधून खाली पोचलीसुद्धा. टोपी मागं पडली. कुंपणावरून अर्धी वाकून, हातात थेंबांची बाटली नाचवत ती ओरडली, "बाळा! डोळा चोळू नकोस गं! थेंब आणलेत मी!"

 कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू पसरत गेलं. खुर्चीवरचे पंच म्हणाले, "बाई, कृपया जागेवर बसा." लेक खांबासारखी उभी होती. मान तसूभर हलली नाही. कान मात्र लालबुंद झाले होते.

भावानं ताईला ओढत आणून बसवलं. "अगं, ती खूण आहे खूण! मधे माणूस आला, मला चेंडू दिसला नाही, असं सांगायची खूण. डोळा बरा आहे तिचा. आता निकाल वरचे पंच देतील."

"दिसला नाही, असं चारचौघांत सांगायचं?"

"हो. तसाच नियम आहे."

 पुढचा खेळ ताईला काही कळला नाही. आपण पोरीचं काम घालवलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. जिच्यासाठी एवढ्या पट्ट्या शिवल्या, तिचंच आज चारचौघांत हसं करून ठेवलं. "मला घरी ने," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि भाऊ म्हणत होता, "थांब गं, संपू दे."

संपलं. रेघेवरचे पंच एका रांगेत बाहेर निघाले. ताई कुंपणाच्या फाटकाशी भावाच्या पाठीमागं लपली. एवढा तमाशा करून आता लपत होती! रांग फाटकाशी आली, आणि तिथं उभ्या असलेल्या त्यांच्या मुख्य बाईंनी लेकीला थांबवलं.

"मघाची ती बाई कोण? ओळखतेस?"

ताई मनात म्हणाली, नाही म्हण, बाळा. नाही म्हणून टाक आणि सुट.

"माझी आई आहे," लेक म्हणाली.

"हं. आणि तो चेंडू तुला खरंच दिसला नाही?"

"नाही दिसला. तो उंच खेळाडू मधे आला होता."

"नवी माणसं अशा वेळी काहीतरी ठोकून देतात. आपल्याला दिसलं नाही म्हणायची लाज वाटते त्यांना." बाईंनी चष्मा वर सरकवला. "उद्या मोठ्या कोर्टावर ये. आणि आईला सांग, आम्ही थेंब ठेवतो इथं."

लेक पुन्हा रांगेत शिरली. कामावर असताना प्रेक्षकांशी बोलायचं नाही, त्यांच्याकडं बघायचंही नाही, असा नियम. ती ताईच्या अगदी समोरून निघाली. नाकासमोर बघत, गंभीर तोंड करून. आणि जाता जाता तिनं दोन्ही हात उचलून डोळ्यांवर धरले.

मला कुणी दिसलं नाही बाई. आई तर मुळीच नाही.

ओठांचे कोपरे तेवढे हलले.

"बघितलंस?" भाऊ हसत वळला. "ताई, बघितलंस का?"

ताईनंही दोन्ही हात डोळ्यांवर धरले होते. तिला खरंच काही दिसत नव्हतं.