कॉर्डेलनं येतो

तेवीस वर्षं कारखान्यात कॉर्डेल गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाचा ॲक्सल मी बसवला आणि डाव्याचा रॉस्को टिमन्सनं. पुढची चाकं गाडी ओढायची, त्यामुळे मिशिगनच्या बर्फातून ती सरळ निघायची. लोकांच्या नुसत्या उड्या पडायच्या तिच्यावर. मग मेल्यांना उंच, धिप्पाड गाड्यांचं वेड लागलं. एका डिसेंबरात कंपनीनं कॉर्डेल बंद केली आणि आमच्या कारखान्याला टाळं लागलं.

युनियनच्या हॉलबाहेर पाटी अजून आहे : 'परदेशी गाडी इथं लावाल तर उचलून नेऊ.' एका शुक्रवारी रॉस्को तिथं तळलेले मासे खायला आला तो जपानी गाडीतून.

"माझ्या कॉर्डेलला सुटे भागच मिळेनात रे," तो म्हणाला. "नदीननं घेऊन दिली ही. पोरीला नाही कसं म्हणू?"

"लाजबीज विकून खाल्लीस काय?" मी म्हटलं आणि गाडी उचलणाऱ्याला फोन केला. हो, मीच केला. सगळ्या हॉलमध्ये हशा पिकला. ताटातले मासे तसेच टाकून रॉस्को थंडीत पायी घरी गेला. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गेल्या जानेवारीत त्याची मुलगी नदीन माझ्या दारात उभी राहिली. त्याच गाडीतून आली होती.

"व्हर्नकाका, चला. पप्पा हॉस्पिटलात आहेत, आता काही खरं नाही. सारखं तुमचं नाव घेतायत."

मी कोट चढवला, पायऱ्या उतरलो. तिनं गाडीचं दार उघडलं आणि माझा पाय अडला.

"तू हो पुढं. मी कॉर्डेलनं येतो."

"काका, अहो, आज तरी!"

"येतो म्हटलं ना!"

ती रडतच गेली. इकडे माझी कॉर्डेल हूं की चूं करेना. बॅटरी काढली, तारा खरवडल्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घेतला. पाऊण तासानं कुठं ती सुरू झाली. मस्ती, दुसरं काय! आग लागो असल्या हट्टाला.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा नदीन पलंगाशी एकटीच बसली होती. रॉस्कोचे डोळे मिटलेले होते.

"वीस मिनिटं झाली," ती म्हणाली.

"मी येतोय हे सांगितलंस ना त्याला?"

"'माझ्या गाडीत बसला का तो?' एवढंच विचारत होते." तिनं नाक पुसलं. "मी हो म्हटलं. काका खाली गाडी लावतायत, आत्ता येतील, असं सांगितलं. तर हसले. 'बसला एकदाचा!' म्हणाले."

मी रॉस्कोचा हात धरला. तो अजून पुरता गार पडला नव्हता. नदीनच्या देखत, मोठ्यानं, मी त्याची माफी मागितली. ऐकायला तोच नव्हता.