कॅम्परचं शेपूट

रॉइस माझा थोरला मुलगा. त्याच्या पाठीमागं त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी त्याचं तोंड बंद करीन, पण मी आई आहे, मी बोलणार. माणूस कामाला वाघ आहे. मात्र बायकोला चारचौघांत उणं बोलायची त्याला भारी हौस. समोर उभं राहून बोलेल तर शपथ. रेडिओवरून बोलतो. आमच्या प्रत्येक गाडीत तो रेडिओ आहे, एकानं तोंड उघडलं की सगळ्या ताफ्याला ऐकू जातं.

आमचा ताफा म्हणजे पुढं दोन मोठे ट्रक, त्यांच्यावर एकेक हार्वेस्टर, त्यामागं धान्याचा ट्रक आणि सगळ्यात शेवटी पिकअप. पिकअपच्या मागं आमचा कॅम्पर जोडलेला. उन्हाळाभर तेच आमचं घर. ओक्लाहोमात गहू पिकला की आम्ही निघतो आणि गहू जसा उत्तरेकडं पिकत जातो तसे त्याच्यामागं लोकांची शेतं कापत जातो. माझा नवरा वेंडेल हयातभर हेच करत होता, आता रॉइस करतो. पिकअप आणि कॅम्पर मार्लाकडं, म्हणजे माझ्या सुनेकडं. मी तिच्या शेजारी बसते आणि आमच्या मधे माझी नात टेस, मांडीवर कुरकुऱ्यांची पिशवी घेऊन.

त्या दिवशी सकाळी कॅन्ससमधून निघालो आणि थोड्याच वेळात कॅम्पर मागं झोके खायला लागला. आधी हळू, कुणी मागून ढोसल्यासारखा. रस्त्याला जरा उतार लागला की जास्त. आमच्यात याला शेपूट हलणं म्हणतात. हलकं असेपर्यंत हसायला ठीक. वाढलं तर शेपूटच पुढच्या गाडीला ओढून पालथं करतं, आणि आतली माणसं कोण आहेत ते मग नंबरप्लेट बघून शोधावं लागतं.

“मार्ला, आवर ते शेपूट!” रेडिओवर रॉइस. त्याला पुढच्या ट्रकच्या आरशात दिसत होतं. “कोंबडी पकडल्यासारखं स्टिअरिंग धरतेस. हात सैल सोड!”

धान्याच्या ट्रकमधला लोरेन्स हसला. लोरेन्स दक्षिण आफ्रिकेचा, दाढीवाला, पोराबाळांचा बाप, दर उन्हाळ्यात आमच्याकडं कामाला येतो. मला मावशी म्हणतो. “मावशी,” तो म्हणाला, “सूनबाई मागं नाचतायत काय?”

मी मार्लाच्या हातातून माईक घेतला. “लोरेन्स, संध्याकाळचं जेवण कोण रांधतं रे आपल्यात?”

“चुकलो, मावशी.”

“मग चाक बघ आणि गप्प बस.”

मार्ला हसली नाही. ती मुळात चांगली चालवते. मी सुनेला टोचून बोलते, तिच्या बटाट्याच्या सॅलडला मीठ कसं ते माहीत नाही हे मी तिच्या आईलासुद्धा सांगितलंय, पण गाडीच्या बाबतीत तिला नाव ठेवायला जागा नाही. डिझेल भरायला थांबलो तेव्हा ती उतरली. कॅम्परच्या चारी चाकांची हवा बघितली. पिकअपला कॅम्पर जोडतात तिथं, जोडाच्या बाजूला, झोक आवरणारी लोखंडी पट्टी असते, ती आणखी आवळली. वेग कमी करून बघितला. तरीही शेपूट हलतच होतं.

“आई,” ती मला म्हणाली, “माझंच काही चुकतंय का?”

“चुकत असतं तर मी इतका वेळ गप्प बसले असते होय?”

“रॉइस म्हणतो मी घाबरते, म्हणून स्टिअरिंग जास्त फिरवते.”

“रॉइस पुष्कळ काही म्हणतो.”

पण तिच्या डोक्यात ते बसलं होतं. ती एकसारखी आपल्या हातांकडं बघायची, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. ते मला आवडलं नाही. हातांकडं बघणारा माणूस रस्त्याकडं कधी बघणार?

रॉइसला घाई होती, आणि घाईला कारण होतं. नेब्रास्कात बेकनर नावाचा शेतकरी आमची वाट बघत होता. त्याचा गहू पिकून उभा, आणि हवामानवाले गारा सांगत होते. सकाळीच त्याचा फोन आला होता की आज पोचला नाहीत तर मी दुसरा ताफा बोलावतो. म्हणून रॉइस थांबायला तयार नव्हता. मार्लानं दोनदा सांगितलं, “जरा कुठंतरी थांबून बघू या.” दोन्ही वेळा त्याचं एकच. “बघायचं काय त्यात? नीट चालव.”

नेब्रास्काची हद्द ओलांडली आणि वारा सुटला. तिथं वाऱ्याला अडवायला काही नाहीच, डावीकडून येतो तो सरळ गाडीच्या अंगावर. लांब उतार होता. मागून गुरांचा ट्रक आला आणि आम्हाला ओलांडून जायला लागला. तो शेजारी आला तेव्हा कॅम्पर त्याच्याकडं ओढला गेला, आणि ट्रक पुढं निघून गेला तसा वाऱ्यानं उलट्या बाजूला फेकला. मग डावीकडं, मग उजवीकडं, दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त. पिकअपचं मागचं अंग कॅम्परबरोबर ओढलं जात होतं. खिडकीतून मला रस्ता दिसायचा बंद झाला, नुसतं कडेचं गवत. मी टेसच्या छातीवर हात दाबून धरला. कुरकुरे सगळ्या गाडीत उडाले.

अशा वेळी पायाखालचा ब्रेक दाबला की संपलं. पिकअप थांबतो, कॅम्पर थांबत नाही, तो मागून चढतो. स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं तरी तेच. मार्लानं यातलं काहीच केलं नाही. पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि उजव्या हातानं समोरची बारकी दांडी दाबली. त्या दांडीनं फक्त कॅम्परचे ब्रेक लागतात. कॅम्पर मागून ताणला गेला, अजून एक झोका, मग अर्धा, आणि सरळ झाला.

तिनं रस्त्याकडेला गाडी घेतली. तिथं धान्याच्या जुन्या बंद कोठारासमोर मोकळी जागा होती. गाडी थांबली तरी ती दांडी सोडत नव्हती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

आणि तेवढ्यात रेडिओ. “पुन्हा? किती वेळा सांगायचं गं तुला?”

मार्लानं दार उघडलं. उतरली, गवतात गेली आणि ओकली. मग तिथंच खाली बसली. टेस तिच्यामागं धावली आणि तिच्या पाठीवर थोपटायला लागली, मोठ्या बाईसारखी.

“आई,” मार्ला म्हणाली, “मी हे पुढं नेणार नाही. टेसला घेऊन मी माझ्या बहिणीकडं जाते. पुढच्या गावातून बस मिळेल. त्याला म्हणावं, चांगली चालवणारी शोध.”

“अगं, आधी चूळ भर.”

“मी खरंच सांगतेय. परत येईन असं धरू नका.”

ती खरंच सांगत होती, ते मला कळलं. रागाचं बोलणं वेगळं असतं, त्याला आवाज असतो. हिला आवाजच उरला नव्हता. मी ओला कपडा आणायला कॅम्परमध्ये गेले. कपडे धुवून ठेवलेले मागच्या बाजूला, माझ्या पलंगाजवळ. गठ्ठा मांडीवर घेऊन उपसायला म्हणून जरा पलंगावर टेकले.

माझा पलंग म्हणजे एक फळी, खाली पोकळ पेटी, वर गादी. मी काही पिसासारखी नाही. मी बसले की ती फळी करकरते, आणि टेस दर वेळी खिदळते. आज फळी हूं की चूं नाही. दगडावर बसल्यासारखं झालं. मग मी माझ्या गोधडीकडं बघितलं. गोधडीचा कोपरा आत खोचलेला. मी कधी कोपरा खोचत नाही, मोकळा सोडते, पायांना वारा लागतो. माझ्या पलंगाला कुणाचा तरी हात लागला होता.

गादी उलटली, फळी उचलायला गेले तर ती आतून टेकलेली. जोर लावून उचलली. खाली हार्वेस्टरचे सुटे भाग. पात्यांच्या पेट्या, साखळ्यांची भेंडोळी, दोन बॅटऱ्या, सगळं ठासून. हे सामान कॅम्परच्या पुढच्या कपाटात असतं, जोडाच्या वर. वेंडेल होता तेव्हापासून ते तिथंच असतं. घर उलाळ झालं होतं. मागं जड, पुढं हलकं. असं घर बांधून ओढत न्यायचं म्हटलं तर ते झोके खाईल नाही तर काय करील? देवदूत बसवला असता स्टिअरिंगवर तरी शेपूट हललंच असतं.

मग मला सकाळ आठवली. मार्ला न्याहारीची भांडी धूत होती. रॉइस पिकअपभोवती फिरत होता, धुवून पुसून लखलखीत केलेल्या. “बघ आई,” म्हणाला, “कसा ताठ उभा आहे.” पिकअपच्या मागच्या भागात डिझेलची टाकी आहे, त्यात कॅम्परचा भार, म्हणून आमचा पिकअप नेहमी मागून बसलेला, नाक वर करून असतो. त्या सकाळी तो सपाट होता. मी म्हटलं होतं, छान.

बाहेर आले तेव्हा रॉइस ट्रक पुढच्या वळणावर उभा करून लोरेन्सबरोबर परत आला होता. मार्लासमोर उभा होता, हात कमरेवर.

“बस? कसली बस? बेकनर थांबलाय तिकडं!”

“रॉइस,” मी म्हटलं, “माझ्या पलंगाखाली काय आहे?”

त्यानं कमरेवरचे हात खाली घेतले. लोरेन्सनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि सिगारेट विझवली.

“थोडं सामान मागं सरकवलं,” रॉइस म्हणाला. “पिकअप फार बसत होता.”

“बसू दे की. कायम बसतो.”

“आई, बेकनरकडं सगळे ताफे येऊन थांबतात. मागच्या वर्षी त्या डकोटावाल्यांनी विचारलं, हे बसलेलं कुत्रं कधी उठणार तुमचं? सगळे हसले. तू ऐकलं नाहीस ते.”

मार्ला गवतातून उठली. “तू माझ्या मागं वजन हलवलंस आणि मला सांगितलं नाहीस?”

“एवढ्यानं होईल असं वाटलं नव्हतं.”

“पहिल्यांदा हललं तेव्हा?” मी विचारलं. “तुझ्या बापानं तुला हे शिकवलं तेव्हा तू टेसएवढा होतास. तेव्हा वाटलं असेल ना?”

त्यानं बुटानं माती उकरली. वारा कोठाराच्या पत्र्यावर आपटत होता.

“वाटलं,” तो म्हणाला. “पण मग सगळ्यांसमोर पेट्या काढाव्या लागल्या असत्या.”

“आणि म्हणून मला सांगत होतास, हात सैल सोड,” मार्ला म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. घड्याळाकडं बघितलं. “आई, तू सांग हिला. आता पेट्या पुढं घेऊ, दहा मिनिटांचं काम. ही गाडीत बसली तर अजूनही वेळेत पोचू. गहू जाईल गं हातातून.”

मार्लानं टेसला कडेवर घेतलं होतं आणि ती माझ्याकडं बघत होती. लोरेन्ससुद्धा. बहुतेक सगळ्यांना वाटत होतं की मी आता सुनेची समजूत घालणार. मी ओला कपडा तिच्या हातात दिला आणि रॉइसकडं वळले.

“गहू जाऊ दे. बेकनरला मी फोन करते. पेट्या तू एकटा काढशील, लोरेन्स हात लावणार नाही. कॅम्पर तू स्वतः ओढत नेशील. मार्लाला बहिणीकडं जायचं असेल तर तिला आणि टेसला बसवर मी सोडीन, आणि तिला परत बोलवायचं तोंड मला तरी नाही, तुला आहे का ते तू बघ. एक ऐकून ठेव, रॉइस. नकळत होते तिला चूक म्हणतात. तुला कळलं होतं. चार परक्यांनी हसू नये म्हणून तू आमच्या तिघींचा जीव पणाला लावलास, आणि दोष तिच्या हातांना दिलास. माझ्या पोटी जन्मलास म्हणून मी याला चूक म्हणणार नाही.”