कुंपणाकडची पात

मी डावा विळा आहे. होय, डावा! हसू येत असेल तर हसून घ्या. नशिराबादच्या शिवारात मला बघून हसला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

माझा जन्म सातपुड्याच्या पायथ्याला, एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. आमश्या आपल्या लेकीला, रुपलीला, घेऊन आला होता. पोर डावखुरी. कुणाचाही विळा धरला की तिच्या हातातून घसरायचा. लोहार कुरकुरला, "असा उलटा ईळा कोनी करस का?" पण घडवला एकदाचा. इतरांच्या धारेला ज्या बाजूनं उतार असतो, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूनं माझा काढला. उजव्या हातात मी चालतच नाही. म्हणजे मी फक्त रुपलीचा, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

रुपली मोठी झाली आणि कुवरसिंगच्या टोळीबरोबर गहू कापायला जाऊ लागली. माघ लागला की टोळी डोंगर उतरायची ती थेट उखर्डू पाटलांच्या शेतात. कापणी पहाटे सुरू. दंव आहे तोवर ओंब्या नरम असतात. ऊन चढलं की दाणे झडतात, आणि पाटील बांधावरून ओरडतात, "अरे, गहू कापता का पेरता?" दुपारी कुसळं पाठीत घुसायची, पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागायचं, आणि भाकर खायला बसलं की कुवरसिंग ढगाकडे बोट दाखवून सगळ्यांना उठवायचा. बायका त्याच्या नावानं बोटं मोडत उठायच्या.

टोळी रांगेनं बसे. ज्याच्या त्याच्या पुढ्यातली पट्टी म्हणजे त्याची पात. शेताच्या उजव्या कडेला निवडुंगाचं कुंपण होतं. तिथं बाकीच्यांचं कोपर काट्यात जायचं, रुपलीचं नाही. म्हणून ती पात आमची! शिवाय कुंपणाखाली गळालेल्या ओंब्या ती पात कापणाराच्या, असा त्या शेतातला रिवाज. त्या ओंब्या मळून रुपली होळीला गव्हाची पोळी करायची. वर्षभर ज्वारी खाणाऱ्या घरात तेवढाच गहू यायचा. त्या पोळीचा पहिला तुकडा मलाच द्यायला हवा असं मला वाटायचं. दिला कधीच नाही.

एका वर्षी आलो तर कुंपणच गायब! पाटलांनी चार ओळी जास्त पेरायला निवडुंग मुळासकट उपटला होता.

कुवरसिंगनं डोकं खाजवलं. "रुपली, आते काटा नही, मंग कडले चमेलीच बसी. अन् मधमा तुले बसाडं, तर तुना उलटा हात शेजारनीवर आदळी."

चमेलीबाई म्हणजे टोळीतली सगळ्यात झपाट्याची बाई. तिनं आपल्याजवळचा दुसरा विळा रुपलीपुढे धरला. "हाऊ ले. उजवा हाते शीक. बठ्ठ्या बाया तशाच कापतस."

जळगावच्या बाजारातला तो. पिवळी मूठ, अंगावर एक डाग नाही. आणि मला? मला विळे खोचायच्या गवताच्या पेंढीत खोचलं. माझा नुसता जळफळाट झाला. रुपली पदरानं त्याची मूठ पुसायची. माझी मूठ पुसली होती का कधी, सांगा! पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या मागे राहिली तेव्हा मला बरं वाटलं. पण मेला तिचा उजवा हात शिकत चालला होता. वर कुवरसिंग म्हणाला, "त्या उलट्याले लोहारकडे टाक. खुरपं व्हई जाई." रुपली त्या पिवळ्या मुठीवरची धूळ पुसत राहिली. तिचं ते पुसणं मला भट्टीपेक्षा वाईट लागलं.

मग एका पहाटे आभाळ गच्च भरून आलं. गारांचं भय. सगळे धावले. अर्धवट अंधारात चमेलीबाईनं पेंढीत हात घातला आणि घाईत मलाच उपसलं. पहिल्याच मुठीला मी घसरलो. तिच्या डाव्या हाताचं बोट चांगलंच चिरलं. मी मुद्दाम केलं नाही. पण मला वाईट वाटलं असंही म्हणवत नाही.

"फेक तो वंगाळ ईळा!" कुवरसिंग ओरडला.

रुपलीनं लुगड्याची चिंधी फाडून चमेलीचं बोट बांधलं. मान वर न करता म्हणाली, "ईळा वंगाळ नही शे. त्याले उजवा हात चालत नही."

मग तिनं जळगावच्याला खाली ठेवलं. मला उचललं आणि चमेलीच्या रिकाम्या पडलेल्या कडेच्या पातीवर जाऊन बसली. काय कापला गहू आम्ही त्या दिवशी! ढग डोक्यावर, आणि आम्ही सगळ्यांच्या पुढे. मागून चमेली बांधलेल्या हातानं गळालेल्या ओंब्या वेचत होती. पाटलांना म्हणाली, "भाऊ, कडनी पात, कडन्या ओंब्या." पाटलांचं लक्ष आभाळाकडे. "ने माय, ने!" म्हणाले. चमेलीनं सगळ्या ओंब्या रुपलीच्या ओटीत ओतल्या, आणि रुपलीनं अर्ध्या तिला परत दिल्या. माझ्या धारेचा गहू, आणि अर्धा तिला!

तेव्हापासून कडेची पात पुन्हा आमची झाली आणि शेजारची चमेलीची. दोघींचं बोलणं संपता संपत नसे. कापायला मी आणि हसायला चमेली. किती वर्षं मी हे मुकाट्यानं सोसलं, माझं मला माहीत.

आता रुपलीची डावी मूठ मिटत नाही. यंदा टोळी निघाली तेव्हा ती उंबऱ्यातच बसून होती. चमेली निरोप घ्यायला आली, तिचेही केस पिकलेले. रुपलीनं छपरातून मला काढून तिच्यापुढे धरलं. "याले ली जाय. होळीले माले याना हातना गहू पाहिजे."

"हाऊ माले कापस ना वं!"

"डावा हातमा धर."

लोक म्हणतात, यंदा इंग्रज जाणार. जावोत बापडे. मी नशिराबादच्या त्याच शेतात, कडेच्या पातीवर आहे, चमेलीच्या डाव्या हातात. त्या बोटावरचा जुना वण माझ्या मुठीला लागतोय. टोळी कधीच पुढे निघून गेलीय, तरण्या पोरी वळून वळून हसताहेत. हिला एका वेळी चार काड्यासुद्धा धड कापता येत नाहीत. जिच्या हेव्यात माझा जन्म गेला, ती बाई रुपलीच्या पोळीसाठी या वयात डावा हात शिकतेय.

हसा, खुशाल हसा. पण तिला घाई करू नका. अजून दंव आहे.