आईच्या मानापायी

आई पहाटे गेली, आणि नेमका त्याच दिवशी साहेब येणार होता.

आमच्या बेटाला होडी लावायला धक्का नाही. लाट वर आली की ओल्या खडकावर उडी मारायची, हेच आमचं उतरणं. माझा भाऊ फेहीन असाच उतरताना पाय घसरून गेला, घरापासून हाकेच्या अंतरावर. तेव्हापासून आईने धक्क्याचा ध्यास घेतला. पाद्रीबाबांना सोडलं नाही, मतं मागायला आलेल्यांना सोडलं नाही. इंग्रज होते तेव्हा त्यांचं डोकं खाल्लं, ते गेल्यावर आपल्यांचं. शेवटी गॉलवे शहरातल्या सरकारी कचेरीतून एक साहेब धक्क्याची जागा बघायला निघाला. त्याला पलीकडच्या किनाऱ्यावरून आमच्याच होडीने आणायचं होतं, दुसरी वाट नाही.

पण बेटावर मयत झालं की माती होईपर्यंत मयताच्या होडीशिवाय एकही होडी पाण्यात जात नाही.

दुपारी पलीकडे धूर दिसला. न्यायला या, असं सांगायचं तर तिकडे ओलं शेवाळ पेटवतात. आईजवळून उठून मी फेस्टीकाकांकडे गेले. होड्या कधी काढायच्या ते बेटावर तेच ठरवतात.

"काका, साहेब आलाय. होडी काढा."

"सोर्खा, डोकं फिरलं का तुझं? आई अजून घरात आहे."

"तिच्यासाठीच सांगतेय ना!"

"आम्हीपण तिच्याच मानासाठी थांबलोय, पोरी. आजवर कुणासाठी मोडलं नाही ते तुझ्या आईसाठी, ब्रीजीसाठी मोडू? लोक तोंडात शेण घालतील."

"ती उठली असती तर वल्ह्यानं बडवलं असतं तुम्हाला."

"उठत नाही तेच बरं मग," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले. मयताच्या घरी हसलेलं आमच्याकडे चालतं. होडी चालत नाही.

मी एकटीच किनाऱ्यावर गेले. आमची होडी डांबर फासलेल्या कापडाची, तिघांनी डोक्यावर घेऊन पाण्याला लावायची. एकटीनं ओढली तर बूड फाटतं. मी तिच्याशेजारी रडत बसले, रागानं. अंधार पडायच्या आत धूर विझला. तो साहेब पुन्हा कधी आला नाही.

आमचं बेट म्हणजे नुसता खडक. बटाट्यापुरती माती आम्ही वाळू आणि शेवाळ कालवून केलेली, माणूस पुरायला खोली नाही. म्हणून दफन पलीकडे. दुसऱ्या दिवशी समुद्र चढला होता. आईची पेटी खडकावरून दोरांनी खाली सोडावी लागली, बाजाराला न्यायची गाय सोडतात तशी. खाली होडी लाटेवर नाचत होती. फेस्टीकाकांच्या हातून दोर निसटला आणि पेटीचा कोपरा खडकावर आदळला. आत आई एका बाजूला घसरली, ते सगळ्यांनी ऐकलं.

काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मान झाला तिचा, काका," मी म्हणाले. "आता तरी दोर धरा."