ऑक्सिजनची ओळ

मित्रांनो, मी एका पोलादी कपाटातल्या सीलबंद पिशवीतून बोलते आहे, तेव्हा आवाज जरा दबका वाटला तर सांभाळून घ्या. मी एक जुनी चेकलिस्ट आहे. लांब पल्ल्याच्या विमानात उड्डाणाआधी वैमानिकांनी वाचायचीच, अशी सक्तीची यादी. एक जाड कार्ड, वर प्लॅस्टिकचं आवरण, दोन्ही बाजूंना बारीक अक्षरं. गोष्ट नाही की चित्र नाही. मला कुणी आवडीने वाचत नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. वाचलं म्हणजे झालं.

माझा मजकूर एका निवृत्त वैमानिकाने लिहिला. एकेका शब्दावर तो तासन्‌तास अडून बसायचा, कारण प्रत्येक ओळीमागे कुठेतरी घडलेला अपघात होता. वाचायची रीतही त्यानेच घालून दिली. एका वैमानिकाने ओळ वाचायची, दुसऱ्याने ते काम करून उत्तर द्यायचं, मग पहिल्याने 'पुढे' म्हणायचं. 'पुढे' ऐकल्याशिवाय कुणी सरकायचं नाही.

कामाला लागले आणि कळलं की माझ्यावरून वैमानिकांमध्ये चांगलेच दोन तट आहेत. एक म्हणायचे, तीस वर्षं विमान चालवतोय, आता पहिलीतल्या मुलांसारखं वाचून दाखवायचं? दुसरे म्हणायचे, बारा-बारा तासांच्या प्रवासात डोकं कधी दगा देईल सांगता येत नाही, हिला निदान झोप तरी येत नाही. एका महाशयांनी तर माझ्यावर कॉफीचा कप ठेवला. तो गोल डाग अजून अंगावर आहे. जाऊ द्या, कौतुक आणि हेळसांड दोन्ही बघितली.

सगळ्यांत ज्येष्ठ कॅप्टनना सगळे 'दादा' म्हणत. माणूस लाखात एक. नव्या माणसाला हाताला धरून शिकवायचे, कुणावर आवाज चढवायचे नाहीत. माझ्यावरही त्यांचा राग नव्हता. पण मी त्यांना तोंडपाठ होते आणि तिथेच घोडं पेंड खायचं. ओळ अर्धी वाचून होईतो त्यांचं उत्तर तयार असायचं.

त्यांच्या शेजारी बसायची ती सहवैमानिक. गटात वयाने लहान, म्हणून तिला 'धाकटी' म्हणत. माझ्यातली ऑक्सिजनची ओळ आली की ती मास्क तोंडाला लावून दहा श्वास मोजायची आणि ऑक्सिजनचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहायची. दादा हसायचे. स्वतः मात्र मास्कचं बटण जरा दाबायचे, फुस्स असा आवाज आला की म्हणायचे, "तपासला." मित्रांनो, टाकीचा व्हॉल्व्ह बंद असला तरी नळातून आधी थोडं पाणी येतंच ना? तसंच हे. नळीत उरलेला वायूसुद्धा फुस्स करतो. म्हणून तर मास्क लावून दहा श्वास घ्या, असं माझ्यावर लिहिलं होतं!

आमच्या विमानात दोघांचे ऑक्सिजनचे सिलिंडर वेगळे होते. त्या सकाळी मेकॅनिकने दुरुस्तीसाठी दादांच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि उघडायचं विसरला. उड्डाणाआधी धाकटीने ओळ वाचली. दादांनी बटण दाबलं, फुस्स झालं, "तपासला" म्हणाले. धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले, ते मला दिसलं. पण बोलली काय? "पुढे."

भर दुपारी, खाली नुसता समुद्र असताना खिडकीची चौकट तडकली आणि आतली हवा बाहेर गेली. दोघांनी मास्क ओढले. दादांना दोन श्वास मिळाले. तिसरा मिळाला नाही. त्यांनी धाकटीकडे बघून हाताने 'खाली ने' अशी खूण केली आणि त्यांची मान खाली पडली. मी त्यांच्या पायांशी पडले होते. ती विमान खाली आणत होती आणि मास्कमधून सारखी "दादा, दादा" म्हणत होती. दाट हवेत पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. प्रवाशांच्या मास्कची सोय वेगळी होती, ते सगळे वाचले. दादा गेले.

चौकशी एका साध्या खोलीत झाली. टेबलावर पाण्याचे ग्लास, त्यांच्या शेजारी पिशवीत मी. मेकॅनिकने चूक कबूल केली होती आणि मान खाली घालून बसला होता. कॉकपिटातलं रेकॉर्डिंग ऐकवलं गेलं. ऑक्सिजन, तपासला, पुढे. सगळं कसं चोख! सारा दोष त्या एकट्या माणसावर जाणार होता. खरं काय ते फक्त धाकटीला आणि मला माहीत होतं, आणि मला तर तोंड नाही.

आत येण्याआधी बाकीच्या वैमानिकांनी तिला गाठून समजावलं होतं. गेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करतेस? शिवाय तू बोललीस तर याद्या आणखी लांबवतील, डोक्यावर कॅमेरे बसवतील. तिने सगळं ऐकून घेतलं होतं.

ती उभी राहिली. म्हणाली, "दादांनी मास्क तोंडाला लावला नव्हता. मी ते बघितलं, आणि तरी 'पुढे' म्हणाले."

मागच्या खुर्चीवर दादांच्या बायको बसल्या होत्या, सगळ्यांच्या वहिनी. मला वाटलं, आता या पोरीचं काही खरं नाही. वहिनींनी फक्त विचारलं, "तू थांबवलं का नाहीस गं त्यांना?"

"वहिनी, ते दादा होते."

"अगं, म्हणूनच थांबवायचं होतं."

त्यानंतर धाकटी रडली. मेकॅनिकने मान वर केली, पण त्याच्याही चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता.

मित्रांनो, मला पुन्हा कुणी वाचणार नाही. नव्या विमानांत नवी कार्डं गेली आहेत आणि त्यांच्यावर कुरकुरही सुरू झाली असेल. खुशाल करा कुरकुर, कपही ठेवा. पण समोरच्याने नुसतंच उत्तर दिलं, तर तो कितीही मोठा असो, कितीही लाडका असो, त्याला म्हणा, "परत करा. मी थांबते." तेवढं म्हणायला धाकटीला एक क्षण लागला असता आणि दादा आज घरी असते.