फोटोतला डबा

माझ्या नवऱ्याचं एक तत्त्व आहे: ज्याचं काम त्यानंच करावं. हे तत्त्व त्यांना नेमकं मी पाणी भरायला सांगितलं की आठवतं. त्यामुळे आमची सून राखी जेव्हा म्हणाली की वाळवण विकायला इंटरनेटवर दुकान टाकायचं आणि ते आपणच बनवायचं, तेव्हा किसनराव काय बोलणार हे मला आधीच ठाऊक होतं.

"हे पाह्य राखी," ते म्हणाले, "दाढी करायची तर न्हाव्याजवळ जा लागते. खामगावात नीळकंठ मास्तरचा श्रेयस हाय. थो वेबसाइटाच बनवते. त्याले बोलावू."

"तुमची दाढी रोज सकाळी कोण करते?" मी विचारलं.

त्यांनी गालावरून हात फिरवला. घरच्या आरशासमोर, साबण गालाला फासून, चाळीस वर्षं हा माणूस स्वतःची दाढी स्वतः करतो आहे. उदाहरण द्यावं तर निदान घरातल्या बाईला माहीत नसलेलं तरी द्यावं.

तरी श्रेयसला फोन झालाच. त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहात दुसऱ्यांदा साखर टाकली. गोकुळ, म्हणजे आमचा मुलगा, शेतातून आल्यावर म्हणाला, "एवढ्यात तर विहिरीवरची मोटर नवी येते." मग राखीनं ओट्यावरून मोबाइल उचलला आणि म्हणाली, "मीच पाहीन आत्याबाई. इगडलं तर इगडलं."

राखी सुलतानपूरची. तिची आई तानुबाई धापोडे करायची. ज्वारीचं आंबवलेलं पीठ ओल्या कापडावर हातानं पसरायचं, उन्हात वाळवायचं, तळलं की ताटभर फुलतं. साधी गोष्ट आहे, पण तानुबाईच्या हातचे धापोडे खाऊन मी, जी कुणाच्याच स्वयंपाकाला सहजासहजी बरं म्हणत नाही, दोनदा मागून घेतले होते. लग्नाच्या रुखवतात तिनं पोरीला एक मोठा स्टीलचा डबा दिला, धापोड्यांनी शिगोशीग भरलेला. झाकणावर मशीननं नाव टाकलेलं: 'सौ. राखीस – आईकडून, सुलतानपूर'. लग्नानंतर वर्षभरानं तानुबाई गेली. भाऊ नाही, बहीण नाही. वडील पुंजाजी आहेत, भले माणूस आहेत, येताना पोतंभर हरभरा आणतात. पण दिवाळीला लेकीकडे फराळाचा डबा पाठवायचं काही बापाला सुचत नाही. पहिल्या दिवाळीला तानुबाईनं तो डबा फराळानं भरून पाठवला होता, त्यानंतर तो आमच्या फळीवर होता तसाच राहिला. राखी त्यात काही भरत नव्हती. फक्त पुसायची.

दुकानाचं नाव तिनं 'तानुबाईचं वाळवण' ठेवलं आणि पहिला फोटो काढताना धापोडे त्याच डब्यात रचले. "आईचा डबा हाय, शकुनाचा," म्हणाली. मीही म्हटलं, हाव, ठेव.

पोळ्यानंतर दुकान सुरू झालं आणि आमच्या घरात करमणूक सुरू झाली. वेबसाइटचा फुकटातला तयार साचा घेतला होता, तो मुळात कुणातरी कपडेवाल्यासाठी केलेला असावा. धापोडे जाऊन बसले 'महिलांचे कपडे' या खान्यात, आणि राखीला काही केल्या ते तिथून काढता येईनात. वर साचा साइज विचारायचा. राखीनं खरं तेच लिहिलं: स्मॉल म्हणजे तिच्या हातचा, लार्ज म्हणजे माझ्या हातचा. नांदुऱ्याच्या कुण्या बाईनं एक मीडियम धापोडा निळ्या रंगात मागवला. राखी इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली, आणि मी रागावायचं सोडून तिच्याबरोबर हसत बसले.

पण गंमत अशी की माल खपायला लागला. हळूहळू, पण खपायला लागला. फोन नंबर किसनरावांचा दिला होता, कारण अनोळखी माणसांशी बोलायला राखी बुजायची. यांना तर अनोळखी माणूस म्हणजे पर्वणी. फोन वाजला की खाट सोडून उभं राहायचं आणि ओरडायचं, "बोला! कुठून बोलून राह्यले?" मग समोरच्याचं गाव, गावातला पाऊस, कपाशी कशी आहे, आणि सगळ्यात शेवटी धापोडे. गिऱ्हाईक नागपूरचं असो की नाशिकचं, यांनी त्याच्याशी सोयरीक जुळवायचंच बाकी ठेवलं होतं. श्रेयसचं नाव त्यांनी त्या दिवसांत काढलं नाही.

नवरात्रात राखीला मूगवड्यांचा फोटो काढायचा होता. ती फळीजवळ गेली आणि तशीच उभी राहिली.

"आत्याबाई, आईचा डबा कुठी हाय?"

मी म्हटलं, असेल तिथंच. नव्हता. आम्ही पलंगाखाली पाहिलं, गव्हाच्या कोठीमागे पाहिलं. तेवढ्यात किसनराव बाहेरून आले आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "थो डबा? थो तर पुण्याले गेला."

"पुण्याले?" मी म्हटलं. "डबा काय नोकरीले लागला?"

झालं होतं असं. पुण्याहून मधुवंती नावाच्या बाईंचा फोन आला. धापोडे नाजूक असतात, प्लास्टिकच्या पिशवीत त्यांचा चुरा होईल, म्हणून त्यांनी विचारलं, "फोटोत डबा दिसतो आहे, त्याच डब्यात येतील ना?" आणि आमच्या हरिश्चंद्रानं छाती काढून सांगितलं, "फोटोत हाय म्हणजे येईनच. आम्ही दाखवाले एक आन् द्याले एक असं करत नाई." मग जो डबा फोटोत होता तोच, तस्साच, धापोडे भरून, वरून पोतं शिवून, नांदुऱ्याला जाऊन स्वतः कुरिअरला दिला. बाजारात बैल दाखवला तोच द्यायचा, ही यांच्या बापाची शिकवण. फोटो म्हणजे दाखवलेला बैल. शब्द दिला, विषय संपला. झाकणावरचं नाव त्यांनी वाचलंही नव्हतं. चष्मा घराच्या बाहेर न्यायचा त्यांना कंटाळा.

राखी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चुलीजवळ जाऊन बसली आणि कणीक तिंबायला लागली. कणीक आधीच तिंबून झाली होती.

झाकणावर काय लिहिलं होतं ते मी सांगितलं, तेव्हा कुठे यांना उमगलं. तोंड एवढंसं झालं. "मी आत्ता फोन करतो," म्हणाले, "म्हणतो का बाई, चुकून आला, वापस द्या."

"नका करू, मामाजी," राखी तिथूनच म्हणाली. "दिलेली वस्तू मांगत नसतात. आई म्हणे."

आता या बोलण्यावर काय करणार? तिच्या आईच्या डब्यासाठी तिच्या आईचा शब्द मोडायचा? माझा हात तर शिवशिवत होता. आमच्यात दिलेलं मागत नसतात हे मलाही माहीत आहे, पण माझी आई असं काही म्हणायची नाही, तेव्हा मला मोकळीक होती. दोनदा यांचा मोबाइल उचलला. दोन्ही वेळा राखीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी ठेवून दिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी किसनराव मलकापूरला गेले ते तसाच एक डबा घेऊन आले. भांडेवाल्याकडून झाकणावर नावही घालून आणलं होतं: 'सौ. राखीस'. पुढे काय टाकावं ते त्यांना सुचलं नसावं, म्हणून तेवढंच. राखीनं डबा दोन्ही हातांनी घेतला, यांच्या पाया पडली, आणि त्यात तूरडाळ भरली. हे अंगणात जाऊन उगाच बैलाला ओरडले. मला दोघांचीही दया आली, आणि दया आली की मला राग येतो, त्यामुळे त्या दिवशी घरात मी सगळ्यांनाच बोलले.

दुकान राखीनं बंदच केल्यासारखं केलं. फोन आला की "माल संपला" म्हणायला सांगायची. माल माडीवर भरून पडला होता. शेवटी यांनी आपलं तत्त्व पुन्हा बाहेर काढलं. "आपल्यानं इगडते म्हणूनच न्हावी लागते," असं म्हणून श्रेयसला बोलावलं. पैसे स्वतःच्या कपाशीतले देणार होते.

दिवाळी तोंडावर आली असताना श्रेयस आला. लॅपटॉप, पांढरं कापड, वर उभा करायचा दिवा. पोरगा गुणी होता, मला उगाच त्याचा राग येत होता. त्यानं धापोडे पांढऱ्या कापडावर एकेक मांडले आणि असे फोटो काढले की मला वाटलं, हे खायचे नसून बोटात घालायचे आहेत.

"वहिनी, जुना फोटो काढून टाकू ना? डबा दिसला की लोकांचा गोंधळ होतो," तो म्हणाला.

"काढा."

"नाव जरा मॉडर्न ठेवू? तानुबाई थोडं जुनं वाटतं."

मी राखीकडे पाहिलं. ही तीच पोरगी, जिनं लग्नाच्या बैठकीत माझ्या तोंडावर सांगितलं होतं की मले चहा लागते, दूध नाई. ती म्हणाली, "तुमच्या मनानं करा."

हो ला हो म्हणणारी सून मला नको होती. मी म्हटलं, "नाव राहील. श्रेयस, तुले चहा पाह्यजे का जायचं हाय?" तो बिचारा चहा म्हणाला.

चहा उकळतच होता तेव्हा कुरिअरवाला दारात आला. पोत्यात शिवलेलं खोकं होतं. किसनराव म्हणाले, "मी तं काही मांगवलं नाई," आणि विळ्यानं शिवण कापली. आतून कागदाचे बोळे निघाले, आणि त्यांच्यामध्ये तो डबा. झाकणाच्या कडेला पोचा होता. सुलतानपूरहून आणताना टेंपोत पडला होता तेव्हाचा.

राखीनं तो उचलला आणि खाली ठेवला. जड होता. झाकण तिला निघेना, म्हणून मी काढलं. वर करंज्या, त्याखाली अनारसे, त्याखाली कागदाच्या पुडीत चिवडा, कोपऱ्याकोपऱ्यात बसवलेले शंकरपाळे. इंचभर जागा मोकळी नव्हती. असा डबा कोण भरतं, ते प्रत्येक लेकीला माहीत असतं. मी साठीला आले, माझी आई जाऊन जमाना झाला, पण त्या क्षणी मला स्वतःचं माहेर आठवलं आणि मी चहाचं निमित्त करून पाठ फिरवली.

यांनी तोवर पुण्याला फोन लावून राखीच्या हातात दिलाही होता. या माणसाला वेळ कळत नाही म्हणतात, पण त्या दिवशी कळली. आवाज मोठा करून ठेवलेला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"पोचला का डबा?" बाई म्हणाल्या. "अहो, नाव पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं दिलेला डबा असा कुणी पाठवतं का? लगेच परत करणार होते, पण रिकामा कसा पाठवू? म्हटलं फराळ होऊ दे, मग पाठवते. आणि तानुबाईंना फोन द्या ना जरा. असे धापोडे मी जन्मात खाल्ले नाहीत."

राखीनं माझ्याकडे पाहिलं. मग सरळ म्हणाली, "तानुबाई माही आई होती. ती आता नाई. धापोडे मी केले, तिनं शिकवले तसे."

चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

"मग असं कर," त्या म्हणाल्या, आणि आता त्या अहोजाहो करत नव्हत्या. "पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी हा डबा माझ्याकडे पाठव. आणि रिकामा पाठव हं, पोरी. माहेरी डबा रिकामाच पाठवतात."

राखी "हाव" म्हणाली. तेवढंच. मग ती रडली, चांगली हुंदके देऊन, अंगणात कोंबड्या उडतील इतकी, आणि रडता रडताच अनारसा तोंडात घातला. एक यांच्या हातावर ठेवला. हे तो खाईनात, नुसता धरून बसले. मी म्हटलं, "खा आता, का त्यालेही पुण्याले पाठोता?" तेव्हा खाल्ला.

श्रेयस हातात करंजी घेऊन तसाच उभा होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "मग वेबसाइटचं काय करू?"

राखीनं पदरानं तोंड पुसलं. "वेबसाइट माही मीच करीन, भाऊ. तुम्ही फक्त माहे धापोडे त्या बायाच्या कपड्यातून बाहेर काढून द्या. अन् कसे काढले थे शिकवून जा."

त्यानं काढून दिले. शिकवलंही, पार दिवेलागणीपर्यंत, आणि जाताना यांच्याकडून पैसे घेईना, तर मी त्याच्या पिशवीत धापोडे कोंबले, लार्ज. त्याचे ते पांढऱ्या कापडावरचे फोटोही राखीनं ठेवले, वाईट नव्हते. पण सगळ्यात वर जुनाच फोटो आहे. त्याखाली राखीनं एक ओळ लिहिली आहे, आणि फोनवर कुणी डब्याचं विचारलं की किसनराव आता चष्मा लावून तीच वाचून दाखवतात: 'डबा विकायचा नाही. तो दिवाळीत माहेरी जातो.'